पटावरचे दाणे आणि त्यांचे मूळ अवयव : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात मोठ्या संख्यांवरचे प्रश्न इतके आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेऊ, हे सदर सगळं याच विषयाला. घात लिहायला ^ हे चिन्ह वापरलंय, म्हणजे २^६४ दिसलं की २ चा ६४ वा घात असं वाचा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत गेलं तर ६४ घरांत मिळून किती, ही गोष्ट तिला वर्गात सांगितली. उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता ती विचारतेय की याचे मूळ अवयव कुठले. ५ ने आणि ३ ने भाग जातो इथपर्यंत आम्ही पोचलो, पुढे अडकलो. हे हाताने निघतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : निघतं, आणि मुलगी आठवीत आहे म्हणजे लागणारं मुख्य सूत्र तिच्याकडे आहेच. फक्त एक करा, ती वीस आकडी संख्या बाजूला ठेवा आणि ती कशी तयार झाली तिकडे बघा. दाण्यांची बेरीज म्हणजे २^६४ − १ (जसं १ + २ + ४ = ८ − १). आता २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे, १ हा १ चाच वर्ग, म्हणजे हे सरळ वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र झालं, (२^३२ − १) × (२^३२ + १). पहिल्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लागतं, मग त्याच्या पहिल्या कंसाला पुन्हा, असं करत खाली आलं की शेवटी हाताशी राहतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. वीस आकडी संख्येचे सहा तुकडे झाले आणि अजून एकही मोठा भागाकार केलेला नाही.

पहिले चार मूळ आहेत हे ती स्वतः तपासेल, २५७ साठी १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं. खरी मजा पुढच्या दोघांत आहे, आणि त्यासाठी तिला एक छोटा प्रयोग करायला सांगा. २ चे घात ओळीने घ्यायचे, प्रत्येकाला ७ ने भागायचं आणि फक्त बाकी लिहायची. २, ४, १, २, ४, १ असं येतं, तीन-तीनची साखळी. मग ११ ने भागायचं : २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १ आणि पुन्हा २, म्हणजे दहाची साखळी. ७ मधून १ काढला की ६, त्याला ३ ने भाग जातो. ११ मधून १ काढला की १०, त्याला १० ने भाग जातो. कुठलीही विषम मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा केल्यावर जे उरतं त्याला साखळीच्या लांबीने भाग जातोच जातो, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या छोट्या प्रमेयातून हे येतं आणि मोठ्या संख्यांच्या अवयवांचं निम्मं काम या एका गोष्टीवर चालतं.

आता समजा ४,२९,४९,६७,२९७ ला, म्हणजे २^३२ + १ ला, एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. मग २^३२ ची बाकी −१ आली (म्हणजे १ मिळवला की पूर्ण भाग जातो), तिचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे साखळी ६४ वर पूर्ण होते पण ३२ वर होत नाही, आणि ६४ चे विभाजक सगळे २ चेच घात, त्यामुळे साखळी बरोबर ६४ लांबीचीच असणार. म्हणून तो अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच एक. ६५, १२९, १९३, २५७, ३२१... यादी करा, त्यातल्या मूळ नसलेल्या खोडा, उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचव्याने जातो! ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. हा भागाकार लिओनार्ड ऑयलरने १७३२ साली करून दाखवला, आणि त्याने फर्माचा अंदाज मोडला, कारण ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या ओळीतल्या पुढच्या सगळ्या संख्या मूळच असणार असं फर्माला वाटत होतं.

भागाकार न करताही ६४१ पकडता येतो आणि ही युक्ती मला फार आवडते. ६४१ म्हणजे ६४० + १, म्हणजे ५ × २^७ + १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो, की झालं −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग. दहा आकडी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

राहिलं तपासणं. ६५,५३७ म्हणजे २^१६ + १, तिचा अवयव असलाच तर त्याच नियमाने ३२ च्या पटीत १ मिळवलेला असणार, आणि २५६ च्या आत तशा मूळ संख्या दोनच, ९७ आणि १९३. बाकी अनुक्रमे ६२ आणि ११० उरते, म्हणजे ६५,५३७ मूळ. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, तिथपर्यंत ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३ एवढ्याच संख्या तपासायच्या. सात भागाकार, एकही जात नाही, तीही मूळ. तेव्हा मुलीला उत्तर द्या : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सातही अवयव वेगळे आणि प्रत्येक एकदाच आलाय, म्हणून या संख्येचे एकूण विभाजक २^७ म्हणजे १२८.

जाता जाता, आपल्या जुन्या गणनेत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेलं शेवटचं स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. दाणे भरतात १८४ परार्धांच्या वर.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे. २^६७ − १ चे अवयव सापडायला विसावं शतक उजाडलं असं वाचलं. पण ही संख्या २^६४ − १ च्या फक्त आठपट आहे, एकवीस आकडी. एक-दोन आकडे वाढल्यावर इतकं अवघड का व्हावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं कारण मिळालंच असेल. ६४ हा सम, पुन्हा पुन्हा दोनाने तुटणारा, म्हणून सूत्र पुन्हा पुन्हा लागलं. ६७ मूळ आहे. घातांक संयुक्त असेल तर आत शिरायला वाट मिळते, समजा २^१५ − १ असेल तर त्याला २^३ − १ म्हणजे ७ ने आणि २^५ − १ म्हणजे ३१ ने भाग जाणारच. घातांक मूळ असला की अशी एकही वाट नाही. संख्या किती मोठी आहे यापेक्षा ती कशी घडलीय यावर अवयव काढणं सोपं की अवघड ते ठरतं, आणि ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही असं मला वाटतं.

साखळीचा नियम मात्र इथेही चालतो. साखळी ६७ लांबीची, अवयव विषम, म्हणून तो १३४ च्या पटीत १ मिळवून आलेला पाहिजे. लहान उदाहरणावर बघा, २^११ − १ = २०४७ = २३ × ८९, आणि २३ म्हणजे २२ + १, ८९ म्हणजे ८८ + १. २^६७ − १ मध्ये अडचण अशी की लहान अवयवच १९,३७,०७,७२१ आहे, १३४ ला १४,४५,५८० ने गुणून १ मिळवल्यावर येणारा. म्हणजे ओळीने गेलात तर तो चौदा लाखांच्याही पुढचा उमेदवार. आणखी एक अट आहे, अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी, तिने निम्मे गळतात, मूळ नसलेले सोडले की अजून बरेच गळतात, तरी हजारोंनी उरतात आणि प्रत्येकाने एकवीस आकडी संख्येला भागायचं, तेही कागदावर.

आणि लोकांना वाटत होतं की ही मूळच असेल. मारें मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये यादी दिली होती की २५७ पर्यंत कुठल्या घातांकांना २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते, त्यात ६७ होता. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते, पण हे सगळं उलगडायला तीनशे वर्षं गेली. १८७६ मध्ये एदुआर लुकासने सिद्ध केलं की २^६७ − १ मूळ नाही, अवयव मात्र त्याला सापडले नाहीत. (हाच लुकास ‘टॉवर ऑफ हॅनोई’चा जनक, तीन काठ्या आणि चकत्यांचं ते कोडं. त्याच्यासोबत काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची गोष्ट सांगतात, त्या हलवायला लागणाऱ्या चाली २^६४ − १, पटावरचे दाणे तेवढ्याच. सेकंदाला एक चाल धरली तर ५८ हजार कोटी वर्षांच्या वर.)

अवयव शोधले अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोलने. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्याने ते मांडले. किस्सा असा सांगतात की तो उठला, एक शब्दही न बोलता फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडला, दोन्हीकडे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ आलं आणि तो जागेवर जाऊन बसला, मग टाळ्या. तीन वर्षांचे रविवार लागले असं त्याने नंतर सांगितलं म्हणे. हा किस्सा बऱ्याच वर्षांनी लिहिला गेलाय, त्यामुळे त्यातलं नाट्य थोडं सांभाळूनच घ्यावं. गुणाकाराला मात्र कुणाची साक्ष लागत नाही. शेवटचे तीन-तीन आकडे घ्या, ७२१ × २८७ = २,०६,९२७, शेवट ९२७, जुळला. अंकांची बेरीज करा, पहिल्याची ३७, दुसऱ्याची ६४, गुणाकाराची १०९, तिन्ही एकेरी आकड्यावर आणल्या की १, १ आणि १. एवढ्याने सिद्ध होत नाही, पूर्ण गुणाकार करावाच लागतो, पण तो एक तासाचं काम आहे आणि जरूर करा. कोलने सरळ भागाकार केले नव्हते, वर्गसंख्यांच्या बाक्या वापरून तो उमेदवार गाळत गेला, आज वापरतात त्या पद्धतींची मुळं याच विचारात आहेत.

प्रश्न : लुकासला अवयव सापडले नाहीत तरी संख्या मूळ नाही हे त्याला कळलं कसं? अवयव न दाखवता संयुक्त म्हणायचं हे पटत नाही. – निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, शंका रास्त आहे, आणि गोष्ट ९१ वर नीट दिसते. फर्माच्या त्याच प्रमेयानुसार ९१ मूळ असती तर २^९० ला ९१ ने भागून बाकी १ यायलाच हवी होती. करून बघू. २^१२ = ४०९६, आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणजे २^१२ ची बाकी १. मग २^८४ चीही बाकी १, कारण ८४ म्हणजे बारा साते. उरले सहा घात, २^६ = ६४. म्हणजे २^९० ची बाकी ६४ आली, १ नाही. ९१ मूळ नाही हे पक्कं झालं, आणि ७ किंवा १३ चं नाव कुठेही घेतलं नाही. मूळ संख्येला जे वागणं सक्तीचं असतं ते ही संख्या करत नाही, एवढाच पुरावा, पण तो पुरेसा आहे.

मर्सेनच्या संख्यांना, म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेल्यांना, ही २ ची कसोटी कामाची नाही, घातांक मूळ असला की त्या तिच्यातून नेहमी पास होतात, मूळ असोत वा नसोत. म्हणून लुकासने वेगळी काढली आणि डी. एच. लेहमरने १९३० मध्ये ती सुटसुटीत केली. ४ पासून सुरुवात, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा, आणि संख्येने भागून बाकी. २^७ − १ = १२७ घ्या : ४, १४, मग १९४ ची बाकी ६७, पुढे ४२, पुढे १११, पुढे ०. घातांकापेक्षा दोन कमी म्हणजे पाच पायऱ्यांनी शून्य आलं, १२७ मूळ. २०४७ ला हेच केलं तर नवव्या पायरीला १७३६ येतं, शून्य नाही, म्हणजे संयुक्त. आजही सगळ्यात मोठ्या मूळ संख्यांवर शेवटचं शिक्कामोर्तब याच कसोटीने होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही चार कोटी दहा लाखांवर आकड्यांची संख्या धरून. आणि कुठल्याही संख्येला लागू पडणारी, कधीही न चुकणारी आणि तत्त्वतः झटपट अशी कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, त्यातले दोघं तर नुकतेच बी.टेक. झालेले. हे सगळं फक्त ‘मूळ आहे का नाही’ यासाठी, अवयव काढून देणारी तितकी वेगवान पद्धत आपल्या साध्या कॉम्प्युटरसाठी आजवर कुणालाही मिळालेली नाही.

प्रश्न : १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला काही खास नाव आहे का? मूळ आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : प्रश्न अगदी योग्य गावाहून आला! देवळालीच्या शाळेत शिकवणारे आपले द. रा. कापरेकर, ६१७४ वाले, त्यांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं आणि ते नाव डोंबिवली स्टेशनवरून घेतलं. तुमची संख्या मूळ नाही, ती १११११११११ चा वर्ग आहे, नऊ वेळा १. आणि १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३,३३,६६७, म्हणून या सतरा आकडी संख्येचे अवयव ३^४ × ३७^२ × ३,३३,६६७^२. पुन्हा तेच, घडण दिसली की तोंडी सुटतं. पण १ सतरा वेळा लिहिलात तर ती संख्याही सतराच आकडी आणि तिचा लहान अवयव २०,७१,७२३, तो तोंडी सापडणं कठीण. एकोणीस वेळा लिहिलात तर मूळ.

प्रश्न : बँकेचे व्यवहार मूळ अवयवांमुळे सुरक्षित असतात म्हणतात. म्हणजे ओटीपी मूळ संख्या असतो का? आणि कॉम्प्युटर वेगवान झाले की हे सगळं उघडं पडेल का? – गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : ओटीपीचा याच्याशी संबंध नाही, तो कुठलाही आकडा असू शकतो. संबंध येतो तो वेबसाईट खरोखर तुमच्या बँकेचीच आहे याची खात्री करून घेताना. तिथे पुष्कळ ठिकाणी आरएसए ही पद्धत वापरतात (काही ठिकाणी इलिप्टिक कर्व्ह नावाची दुसरी). रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची १९७७ ची ही कल्पना, दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. त्याच वर्षी त्यांनी १२९ आकडी गुणाकार कोडं म्हणून छापायला दिला, तो १९९४ मध्ये इंटरनेटवरून जोडलेल्या सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांनी फोडला. २५० आकडी २०२० मध्ये फुटला. नेहमीच्या वापरातली संख्या ६१७ आकडी असते, आणि आकडे वाढतात तशी मेहनत कॉम्प्युटरच्या वेगाला न झेपेल इतकी वाढत जाते.

पण आकडे पुरेसे आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, घडण इथेही बघावी लागते. दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ घेतल्या तर फर्माची जुनी युक्ती लागते : ८०५१ म्हणजे ८१०० − ४९, म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, म्हणजे ९७ × ८३. आकडे सहाशे असले तरी दोघी पुरेशा जवळ असतील तर हेच होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे दोन ठिकाणी तीच मूळ संख्या वापरली जाणं. समजा एकाची जाहीर संख्या ८०५१ आणि दुसऱ्याची ९७९७. दोन्ही वेगवेगळ्या फोडायची गरजच नाही, शाळेत शिकलेला मसावि काढा. ९७९७ मधून ८०५१ गेले १७४६, ८०५१ ला त्याने भागून बाकी १०६७, मग ६७९, ३८८, २९१, ९७, आणि २९१ ला ९७ ने पूर्ण भाग. मसावि ९७, दोघांचंही गुपित बाहेर. मसावि काढणं सहाशे आकड्यांनाही क्षणाचं काम आहे. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर संख्या गोळा करून नेमकं हेच केलं आणि हजारो संख्या उघड्या पडल्या, त्यातल्या बहुतेक राऊटरसारख्या छोट्या उपकरणांच्या होत्या, जी पहिल्यांदा चालू होताना कुणाला अंदाज येणार नाही असा आकडा न मिळताच मूळ संख्या निवडून मोकळी होत होती. म्हणून घरातल्या राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट आलं की ते टाळू नका.